चिडचिड कशाची? पाळी जाण्याची की सिगारेट सुटण्याची?

पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षांची बाई सिगारेट सोडते आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ओढायला लागते, तेव्हा घरचे म्हणतात, ‘तिला जमलं नाही.’ तीही तेच म्हणते. मला हा निकाल घाईचा वाटतो. या वयात सिगारेट सोडणे आणि पंचविशीत सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो फरक तिला कोणी समजावून सांगितलेला नसतो. बहुतेक वेळा तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ती सिगारेट ओढते हेच ठाऊक नसते.

सिगारेट सुटते तेव्हा काय होते? झोप मोडते, चिडचिड होते, उगाच धास्ती वाटते, कामात लक्ष लागत नाही, भूक वाढते, मन उदास होते. आता रजोनिवृत्तीच्या काळात काय होते ते बघा. झोप मोडते, चिडचिड होते, धास्ती वाटते, नावे आठवत नाहीत, वजन पोटावर चढते, मन उदास होते. वर अंगातून गरम वाफा आणि रात्रीचा घाम. या दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या तर गरम वाफा सोडून फारसे काही वेगळे उरत नाही. दोन्ही एकाच वेळी सुरू असताना कोणता त्रास कुठून आला, हे सांगणे त्या बाईलाच काय, डॉक्टरांनाही अवघड जाते.

फरक आहे तो कालावधीचा. निकोटिन तुटल्याचा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. रजोनिवृत्तीचा त्रास इतका आज्ञाधारक नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून झालेल्या ‘स्वान’ या अभ्यासात, वारंवार गरम वाफा आणि रात्रीचा घाम येणाऱ्या निम्म्या स्त्रियांमध्ये हा त्रास 7.4 वर्षांहून अधिक टिकला. तेव्हा सिगारेट सोडून महिना झाला तरी रात्री दोनला घामाने चिंब होऊन जाग येते, याचा अर्थ सोडण्याचा उपयोग झाला नाही असा होत नाही. तो त्रास बहुधा दुसरा आहे आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. पण तिला तसे वाटत नाही. ती एक सिगारेट ओढते, दोन मिनिटांत बरे वाटते, आणि तिची खात्री पटते की आपल्याला सिगारेटच हवी होती. बरे वाटते ते निकोटिनची ओढ शमल्यामुळे. गरम वाफांवर सिगारेटचा परिणाम अगदी उलटा होतो. ओढणाऱ्या स्त्रियांमध्ये हा त्रास अधिक आढळतो, आणि सोडलेल्यांमध्ये ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी.

मुळात सिगारेटने हा सगळा काळच अलीकडे ओढलेला असतो. ओढणाऱ्या स्त्रियांची पाळी न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी एक ते दोन वर्षे आधी जाते. पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचे सरासरी वय 51च्या आसपास आहे, भारतात ते 46-47. त्यातून आणखी एक-दोन वर्षे वजा केली, तर त्रासाची सुरुवात चाळिशीच्या पहिल्या अर्ध्यातही होऊ शकते. धुरातली काही रसायने बीजकोशाला घातक असतात. शिवाय धुरामुळे यकृत इस्ट्रोजेनची विल्हेवाट वेगाने, निष्क्रिय स्वरूपात लावते. हाडे आणि हृदय यांना इस्ट्रोजेनची जी राखण असते, ती अशी लवकर उठते. आणि नेमक्या त्याच दोन ठिकाणी सिगारेट स्वतंत्रपणेही नुकसान करत असते.

इथे वेप येतो. भारतात ई-सिगारेटवर 2019पासून बंदी आहे. सप्टेंबरमध्ये अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळे गुन्हा. साठवण वगळता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही मुंबई-पुण्यात वेप मिळतो हे कोणापासून लपलेले नाही. दुबईहून येणारे पाहुणे आणतात, पानाच्या टपरीखालून निघतो, लंडनला असलेली बहीण ‘सिगारेटपेक्षा बरा’ म्हणून हातात ठेवते.

त्या बहिणीचे बोलणे अगदीच हवेतले नसते. ब्रिटनमध्ये सरकारनेच 2023मध्ये दहा लाख ओढणाऱ्यांना वेपचा संच आणि समुपदेशन देण्याची योजना जाहीर केली. तिथल्याच एका मोठ्या चाचणीत 886 जणांना दोन गटांत विभागले होते. एका गटाला वेप, दुसऱ्याला निकोटिनचे गम, पट्ट्या वगैरे. वर्षानंतर वेपच्या गटात 18 टक्के लोकांची सिगारेट सुटलेली होती, दुसऱ्या गटात 9.9 टक्के. 2019मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वेपच्या बाजूने बोलणारे ते अजून सांगतात. त्याच चाचणीतला पुढचा आकडा मात्र सहसा सांगितला जात नाही. वेपच्या मदतीने सिगारेट सोडलेल्यांपैकी 80 टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढत होते. गम-पट्टीच्या गटात आपले औषध अजून वापरणारे होते 9 टक्के.

म्हणजे सिगारेट सुटली, निकोटिन राहिले. धूर गेला हा फायदा खराच. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड गेले. पण रजोनिवृत्तीतल्या बाईच्या दृष्टीने निकोटिन राहणे ही किरकोळ बाब नाही. निकोटिन उत्तेजक आहे. त्याने अॅड्रिनलिन वाढते, नाडी जलद होते, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात. छातीत धडधडते म्हणून जी बाई आधीच घाबरलेली आहे, तिला हे नको असते.

सर्वांत वाईट ते रात्रीचे. सिगारेट ओढायची तर उठावे लागते, गॅलरीत जावे लागते, काडी पेटवावी लागते, वास येतो. या कटकटीमुळे ओढणाऱ्यांची रात्र बहुधा निकोटिनविना जाते. वेप उशीखाली असतो. घामाने जाग आली, पंखा वाढवला, दोन झुरके घेतले. राख नाही, धुराचा वास नाही, शेजारी झोपलेल्याला पत्ता नाही. सिगारेट दहा-बारा झुरक्यांत संपते. वेप संपल्याचे कळायला त्याची बॅटरी जावी लागते. आधीच मोडलेल्या झोपेत पहाटे तीन वाजता उत्तेजक घेतल्यावर पुन्हा झोप लागणार कशी? सकाळी जो थकवा येतो तो मग पाळीच्या नावावर जमा होतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला वाटते प्रत्येक बाईला आणि प्रत्येक डॉक्टरला माहीत हवी, कारण ती आपल्या रोजच्या चहाशी जोडलेली आहे. तंबाखूच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातले एक विकर जास्त तयार होते. कॅफीन शरीराबाहेर काढण्याचे काम हेच विकर करते. त्यामुळे ओढणारी बाई दिवसाला सहा कप चहा-कॉफी पचवते. धूर थांबला की आठवड्याभरात त्या विकराचे प्रमाण खाली येते, आणि तेवढ्याच चहा-कॉफीतून रक्तात जवळपास दुप्पट कॅफीन साचू लागते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून सिगारेट सोडून वेपवर गेलेल्या बाईलाही तो होतो. हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते. आता एकीकडून कॅफीन, दुसरीकडून निकोटिन, तिसरीकडून ओसरते इस्ट्रोजेन, आणि ती म्हणते की वेप मला सोसत नाही, सिगारेटच बरी होती. तिचा चहा निम्म्यावर आणायला कोणी सांगितले असते, तर निदान एक बाजू शांत झाली असती. जाता जाता: काही मानसिक आजारांवरची औषधे, क्लोझापिन आणि ओलांझापिन, तसेच दम्यावरचे थिओफायलिन यांचेही याच विकराशी नाते आहे. ही औषधे चालू असलेल्यांनी सिगारेट सोडताना डॉक्टरांना कळवलेच पाहिजे, कारण मात्रा बदलावी लागू शकते.

ब्रिटनमधला वेप आणि आपल्याकडच्या टपरीखालचा वेप यांतही अंतर आहे. तिथे द्रवातल्या निकोटिनला कायद्याने मर्यादा आहे, एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम. चोरट्या मालाला मर्यादा कोण घालणार? वेष्टनावर छापलेला आकडा खरा आहे का, हे तपासायची सोय ग्राहकाला नाही. मग निकोटिन हळूहळू कमी करत आणायचे कसे? उपचार म्हणून वापरायची वस्तू किती तीव्र आहे तेच कळत नसेल, तर तिला उपचार म्हणण्यात अर्थ नाही. त्यामुळे आपल्या देशात सिगारेट सोडण्यासाठी वेप घ्या, असे मी कोणाला सांगणार नाही. पण एखादी बाई आधीच पूर्णपणे वेपवर गेली असेल, तर तिच्यावर डोळे वटारून तिला परत सिगारेटकडे ढकलणे हा त्याहून मोठा मूर्खपणा. तिला पुढची पायरी उतरायला मदत हवी. सर्वांत वाईट अवस्था दोन्ही हातांत दोन्ही असण्याची, घरात वेप आणि बाहेर सिगारेट. आणि ती फार सर्रास दिसते.

कायदेशीर, तपासलेली साधने आपल्याकडे आहेत. 2 मिलिग्रॅमचे निकोटिन गम औषधांच्या दुकानात मिळते. पट्ट्या आहेत. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टर लिहून देऊ शकतात. गरम वाफांवरही उपचार आहेत, संप्रेरकांचे आणि संप्रेरकांविना असलेले. पण इथे पुन्हा तोच अडथळा येतो: डॉक्टरला सिगारेट माहीत नसते. इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो, सिगारेटने हृदयविकार आणि पक्षाघाताचा. शिवाय ओढणाऱ्या बाईचे यकृत गोळीतले इस्ट्रोजेनही झपाट्याने संपवते, म्हणजे धोका घेऊन उपयोग कमी. त्वचेवाटे दिले जाणारे इस्ट्रोजेन, पट्टी किंवा जेल, यकृताचा हा पहिला फेरा टाळते. कोणाला काय द्यायचे हा निर्णय या एका माहितीवर बदलू शकतो आणि तीच लपवलेली असते.

ती का लपवते, हे विचारायची गरज नाही. सोबत सासू किंवा नवरा बसलेला असतो. पुरुषाला छातीत दुखले की डॉक्टर पहिला प्रश्न विडी-सिगारेटचा करतात. साडी नेसलेल्या, केसात गजरा माळलेल्या बाईला तो करताना त्यांचीच जीभ अडखळते. ‘आपल्याकडच्या बायका ओढत नाहीत’ हा समज आकड्यांनी थोडा खरा वाटतो. 2016-17च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया 2 टक्के निघाल्या. पण त्याच पाहणीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया 12.8 टक्के होत्या.

महाराष्ट्रात याचे नाव मशेरी. भाजलेली तंबाखू, बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची, सकाळी, मग दुपारी, मग येता-जाता. ‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ असे सांगणाऱ्या बायकांना कोणी व्यसनी म्हणत नाही. त्याही म्हणवून घेत नाहीत. ‘सिगारेट ओढता का’ या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. पण हिरडीतून रक्तात जाते ते निकोटिनच, आणि पाळी जाण्याच्या दिवसांत मशेरी सोडली तर गोंधळही तोच होतो. रात्री झोप नाही, सकाळी डोके भणभणते, पोट जड. ‘वय झालं’ म्हणत ती पुन्हा डबी उघडते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्या डबीत आहेच. वेपवरची चर्चा शहरातल्या थोड्या बायकांची आहे. ही डबी लाखो घरांत आहे, आणि प्रश्न त्याच विचारायचा आहे.

तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नोंदीच्या कागदावर शेवटच्या पाळीच्या तारखेखाली आणखी एक ओळ हवी: तंबाखू कोणत्या स्वरूपात, दिवसातून किती वेळा. सिगारेट, विडी, वेप, मशेरी, गुटखा अशी नावे घेऊन विचारावे, आणि बाई एकटी असताना विचारावे. तंबाखू सोडवणाऱ्या समुपदेशकांनीही चाळिशीपुढच्या बाईला तिच्या पाळीबद्दल विचारले पाहिजे. गरम वाफा जोरात असतील, तर आधी त्यांचा बंदोबस्त करून मग सोडण्याची तारीख ठरवणे हा पळपुटेपणा नाही.

आणि जिने याच आठवड्यात सोडायचे ठरवले आहे, तिच्यासाठी काही साध्या गोष्टी. चहा-कॉफी पहिल्या दिवसापासून निम्मी करा, दुपारनंतर नको. एका वहीत रोज तीनच नोंदी ठेवा: गरम वाफा किती वेळा, झोप किती तास, ओढ किती वेळा लागली. महिन्याने वही डॉक्टरांना दाखवा. ओढ कमी झाली आणि वाफा तशाच राहिल्या, तर त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते, त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. ते आधीच माहीत असले की धक्का बसत नाही. वेप चालू असेल तर निदान तो झोपायच्या खोलीत नेऊ नका. सरकारची तंबाखूमुक्ती मदतवाहिनी 1800-11-2356 या क्रमांकावर आहे, फोन मोफत आहे, आणि क्रमांक शोधायला लांब जावे लागत नाही. सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.