खुर्चीच्या पैशावर वाजणाऱ्या सळया

हॅरी बर्टोया जन्माने इटालियन. १९३० मध्ये पंधराव्या वर्षी डेट्रॉइटला आला आणि धातूच्या नादी लागला तो कायमचाच. नोल कंपनीसाठी त्याने १९५२ च्या सुमारास पोलादी तारांची ‘डायमंड’ खुर्ची घडवली. नुसती जाळी, तीही अंगाच्या वळणाने वाकवलेली. पलीकडचं सगळं आरपार दिसतं. (गादीशिवाय तासभर बसून दाखवा, ते वेगळं.) खुर्ची धडाक्यात खपली, पैशाची ददात मिटली आणि गड्याने फर्निचरला रामराम ठोकला. मग पेनसिल्व्हेनियातल्या कोठारात उभ्या सळयांची शिल्पं. हात फिरवला की सळया डोलतात, एकमेकींवर आपटतात आणि घुमणारा नाद बराच वेळ विरत नाही. या नादाच्या ध्वनिमुद्रिकाही त्याने काढल्या. मला खुर्चीपेक्षा हे कोठार मोठं वाटतं. फर्निचरवाल्यांना अर्थातच नाही.