पक्षादेशाचे ओझे एकाच खांद्यावर

२०२२ सालच्या जून-जुलै महिन्यांत दोन सत्ताधारी नेत्यांना त्यांच्याच पक्षाच्या लोकप्रतिनिधींनी पायउतार व्हावयास लावले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ जूनला राजीनामा दिला. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ७ जुलैला पद सोडत असल्याचे जाहीर केले. मधले अंतर अवघ्या आठ दिवसांचे. एका राज्याच्या मुख्यमंत्र्याची तुलना एका देशाच्या पंतप्रधानाशी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु दोन्ही पदे एकाच संसदीय परंपरेतील आहेत, आणि ती परंपरा आपण जेथून घेतली तेथे अशी गोष्ट कशी घडते, हे पाहिल्यावाचून आपल्याकडे काय बिघडले हे उमगत नाही.

ब्रिटनच्या हुजूर पक्षात मंत्री नसलेल्या खासदारांची एक जुनी समिती आहे. २०२२ मध्ये पक्षाच्या पंधरा टक्के खासदारांनी तिच्या अध्यक्षाकडे पत्रे दिली की नेत्यावरील विश्वासाचे गुप्त मतदान घ्यावेच लागे. जॉन्सन यांच्या वेळी ५४ पत्रे पुरेशी होती. ६ जूनला मतदान झाले. २११ खासदार नेत्याच्या बाजूने, तर १४८ विरुद्ध. नेता जिंकला, पण त्याचे पाय मातीचे आहेत हे साऱ्या देशाने पाहिले. महिन्याभरात मंत्री व त्यांचे संसदीय सहायक मिळून पन्नासहून अधिक जणांनी राजीनामे दिले आणि प्रकरण संपले. पक्ष फुटला नाही, कोणाची खासदारकी धोक्यात आली नाही, न्यायालयाची पायरी कोणी चढले नाही. १९९० मध्ये तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकून देणाऱ्या मार्गारेट थॅचर यांनाही याच पक्षाच्या खासदारांनी असेच घरी पाठविले होते.

मुंबईत काय झाले? शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकी अखेर ४० जण एकनाथ शिंदे यांच्यामागे गेले. वाटेत सुरत, गुवाहाटी आणि गोवा असा प्रवास घडला. दोन्ही गटांनी आपापले प्रतोद नेमले, दोघांनी पक्षादेश काढले, दोघांनी एकमेकांच्या अपात्रतेसाठी अर्ज केले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी निकाल दिला, की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. आणि १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभेच्या अध्यक्षांनी दोन्ही बाजूंचे अर्ज फेटाळून कोणालाच अपात्र ठरविले नाही. तिकडे पाच आठवड्यांच्या आत जे मिटले, त्यास इकडे दीड वर्ष लागले. बंडाचे हेतू शुद्ध होते की नव्हते, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. प्रश्न निराळा आहे. नेत्याविषयीची नाराजी गुप्त मतदानाने नोंदविण्याची सोय आपल्याकडच्या किती पक्षांत आहे? दार नसलेल्या घरातून बाहेर पडावयाचे तर भिंतच फोडावी लागते.

ही भिंत १९८५ साली बांधली गेली. १९६७ मध्ये हरियाणाच्या गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग भाषेत रूढ झाला. त्या बाजाराला आवर घालण्यासाठी बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. हेतू चांगला होता. पण पक्षादेशाविरुद्ध मत देणारा, इतकेच काय, मतदानास गैरहजर राहणारा सदस्यही अपात्र ठरावा, अशी तरतूद झाली. हा आदेश सरकारच्या अस्तित्वाबद्दलचा असो की एखाद्या किरकोळ विधेयकाबद्दलचा, शिक्षा एकच. राजकीय पक्षांची दखल आपल्या घटनेने प्रथम घेतली ती या परिशिष्टात. सदस्याने पक्षाशी कसे वागावे हे तीत आले. पक्षाने सदस्याशी कसे वागावे याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत नेमके उलटे आहे. संसदेचा सदस्य साऱ्या जनतेचा प्रतिनिधी असून कोणाच्याही आदेशाने बांधलेला नाही, तो केवळ सद्सद्विवेकाला बांधील आहे, असे तेथे लिहिले आहे. बांधले आहे ते पक्षाला. पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे, हे घटनेत आहे. १९६७ च्या पक्षविषयक कायद्याने कार्यकारिणीची निवडणूक निदान दर दुसऱ्या वर्षी आणि उमेदवारांची निवड गुप्त मतदानाने करणे सक्तीचे केले. पक्ष हाच सर्वस्व झाला म्हणजे काय होते, हे त्या देशाने १९३३ नंतर बारा वर्षे भोगले होते.

पैशाचा मोह तिकडे नव्हता असे मात्र नाही. एप्रिल १९७२ पर्यंत सत्ताधारी आघाडीचे काही सदस्य विरोधी पक्षात गेले होते आणि त्या महिन्यात विली ब्रांट यांचे सरकार पाडण्याचा डाव दोन मतांनी फसला. त्या मतदानात विरोधी पक्षाच्या एका सदस्याने पैसे घेतल्याचे पुढच्याच वर्षी उघडकीस आले. तरीही सदस्याचे स्वातंत्र्य काढून घेण्याची वाट त्यांनी धरली नाही. सरकार पाडावयाचे तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडून दाखविला पाहिजे, ही अट घटनेत आरंभापासून होती. १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले ते याच मार्गाने.

आपल्या कायद्याने पक्षांतर तरी थांबले काय? गोव्याचे उदाहरण पाहावे. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्षनिष्ठेची शपथ घ्यावयास लावली. त्याच वर्षी सप्टेंबरात पक्षाच्या अकरा आमदारांपैकी आठ जण भारतीय जनता पक्षात गेले. २००३ च्या दुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची सवलत रद्द झाली, पण दोनतृतीयांश सदस्यांनी केलेले विलीनीकरण माफ आहे. म्हणजे किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक व्यापाराला परवाना. एकट्याने विवेकाने दिलेले मत गुन्हा ठरते, आणि आठ जणांनी मिळून केलेला व्यवहार कायदेशीर!

ब्रिटिश पद्धत निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. २०२२ या एकाच वर्षात त्या देशाने तीन पंतप्रधान पाहिले. २०१९ मध्ये जॉन्सन यांनी सरकारविरुद्ध मत देणाऱ्या एकवीस खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढले. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. परंतु ते एकवीस जण गटाबाहेर गेले, सभागृहाबाहेर नव्हे. दुसऱ्या दिवशी ते आपल्या बाकांवर बसून मत देऊ शकत होते, आणि त्यांच्यापैकी दहा जणांना पुढे पक्षाने परत घेतले.

येथे शिक्षक आणि कारकून वाचकांना त्यांच्या पतसंस्थेची आठवण करून द्यावीशी वाटते. संचालक मंडळाची मुदत संपली की सहकार कायदा निवडणूक घ्यावयास लावतो, ती न झाल्यास प्रशासक येतो. चारशे सभासदांच्या पतसंस्थेला जो नियम लागू, तो राज्य चालविणाऱ्या पक्षाला नाही. पक्षनोंदणीच्या कलमात घटनेवरील निष्ठेचे वचन द्यावे लागते, पण ते मोडले म्हणून आयोगाला नोंदणी रद्द करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. शिवसेनेच्या वादातही आयोगाने पक्षाची २०१८ ची घटना लोकशाहीशी विसंगत असल्याचे म्हटले आणि अखेर आमदार-खासदारांची संख्या मोजून चिन्ह दिले. शाखेत बसणाऱ्या साध्या सैनिकाचे मत कोणीच विचारले नाही.

दुरुस्ती काय व्हावी हे नव्याने शोधावयाचे नाही. अपात्रतेची शिक्षा पक्षत्यागापुरती आणि विश्वास-अविश्वासासारख्या ठरावांपुरती ठेवावी, असे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये सांगितले. पक्षांतर्गत निवडणुका कायद्याने सक्तीच्या कराव्यात, असे विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात १९९९ मध्ये सुचविले. दोन्ही सूचना एकत्रच घेतल्या पाहिजेत. केवळ पहिली घेतली तर बाजार मोकाट सुटेल, आणि केवळ दुसरी घेतली तर निवडून आलेला आमदार विधानसभेत पूर्वीसारखाच मुका राहील. अडचण एवढीच, की हे विधेयक मांडावयाचे ते पक्षनेत्यांनी, आणि त्यावर मत द्यावयाचे ते त्यांचाच पक्षादेश डोक्यावर घेऊन बसलेल्या सदस्यांनी.