कट मोरीत ओतू नका



पुरणाची डाळ चाळणीत निथळली की खाली कट उरतो. त्याची आमटी न करणारं घर आपल्याकडे विरळाच. पण मटकी उकडलेलं पाणी, भाताची पेज, दुधी वाफवलेलं पाणी मात्र आपण बिनदिक्कत मोरीत ओततो. कटाला मान, मग या पाण्याला का नको?

माझं माहेर साताऱ्यातल्या माण तालुक्यातलं, सासर सांगलीचं. माणला उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, तर सांगलीत कृष्णामाई जवळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं, तेव्हा सगळ्यांना पाण्याची किंमत कळली. आता नळाला पाणी आहे म्हणून काटकसर कशाला, असं सहज बोललं जातं. मला वाटतं, आपल्यासाठी हा काटकसरीचा प्रश्नच नाही.

आपण पाण्याला अपकायिक जीव मानतो. म्हणून तर पाणी गाळतो आणि जिवाणी जिथल्या तिथे पोचवतो. स्वयंपाकासाठी पाणी उकळलं की हिंसा घडतेच, गृहस्थाला ती टळत नाही. पण गरज नसताना पाणी सांडणं, वाया घालवणं ही प्रमादचर्या, अनर्थदंडाचाच एक प्रकार. गाळून, उकळून घेतलेलं पाणी फेकायचं आणि दुसऱ्या कामाला पुन्हा नवं घ्यायचं, हे त्यातच येतं. त्यातून कढत पाणी मोरीत ओतलं की तिथले किडे-मुंग्या मरतात ते वेगळंच.

काहीजणी म्हणतात, "उरलेलं पाणी वापरायचं म्हणजे मर्यादेचं काय?" प्रश्न रास्त आहे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा २४ तास असली, तरी डाळीचा कट हे अन्न आहे. त्याची मर्यादा आमटीएवढीच, दोन प्रहर म्हणजे ६ तास. फ्रीजमध्ये ठेवल्यानं ती वाढत नाही. म्हणून बाटलीत भरून उद्यासाठी ठेवा, हा सल्ला आपल्या कामाचा नाही. त्याच वेळच्या स्वयंपाकात वापरायचं.

मटकीच्या पाण्याचं जिरं, आमसूल आणि गूळ घालून कढण करा. त्यात ताक-दही घालू नका, द्विदलाचा दोष लागतो. दुधीच्या पाण्यात कणीक मळा. उकडताना ब जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, तीही पोटात जातात. पेज मीठ-जिरं घालून प्यावी, नाहीतर सुती साडीला खळ द्यावी. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी लगेच झाडांना घालावं, पण एकाच जागी साचू देऊ नये. साचलं की जीवोत्पत्ती होते. मिठाचं पाणी झाडांना नको. ते निवल्यावर खरकटी भांडी विसळायला घ्यावं.

त्याहून चांगलं म्हणजे मुळात पाणी बेतानं ठेवणं. भात निथळण्याऐवजी मोजून पाणी घालून केला, तर उरण्याचा प्रश्नच येत नाही.

घरात कुणी याला चिक्कूपणा म्हणेल. म्हणू दे. मंदिरात अहिंसेचं प्रवचन ऐकून घरी आल्यावर ती पाळायची पहिली जागा आपल्या हाताखालीच आहे. सुनांना, लेकींना पाणी गाळायला शिकवतो, तसंच गाळलेलं पाणी पुरेपूर वापरायलाही शिकवूया.