पारसची राख आणि खारपाणपट्ट्यातल्या विहिरी



किरणोत्सारी कचऱ्याचा विषय निघाला की आपण तारापूर-जैतापूरकडे बघतो आणि वऱ्हाड त्यातून सुटलं असं धरून चालतो. मग एखाद्या दिवशी मोबाइलवर फिरतं : 'कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी असते.' एका बाजूला पारस आणि दुसऱ्या बाजूला नांदगावपेठ, अशी दोन औष्णिक केंद्रं असलेल्या मुलखात हे वाचून कोणीही दचकेल. पण ते खरं नाही. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कोळसा केंद्राच्या धुराड्यातून आणि सुरळीत चालणाऱ्या अणुकेंद्रातून हवेत जाणाऱ्या किरणोत्साराची तुलना केली, त्यात कोळसा अणुकेंद्राच्या बरोबरीचा किंवा वरचढ निघाला. साठवलेला अणुकचरा त्या तुलनेत नव्हताच. अणुभट्टीतून नुकत्याच काढलेल्या इंधनाजवळ आडोशाशिवाय काही मिनिटं उभं राहणंही जिवावर बेततं; राखेच्या विटांच्या घरात मात्र माणसं पिढ्या काढू शकतात.

तरीही राखेचा हिशेब मागायलाच हवा, आणि तो वेगळ्या कारणासाठी.

पारसचे २५० मेगावॉटचे दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला साधारण आठ हजार टन कोळसा लागतो. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के, म्हणजे रोजची अडीच-तीन हजार टन राख. कोळशातलं युरेनियम टनाला एक-दोन ग्रॅम धरलं तरी दिवसाला आठ ते सोळा किलो होतं. ते जळत नाही. कोळसा जळून जातो आणि ते राखेत दाट होऊन उरतं. एवढ्या राखेत पसरलेलं असल्याने त्याचं प्रमाण विरळ असतं. भारतीय राखेतल्या किरणोत्साराची मोजमापं बहुधा ग्रॅमला एक बेकरेल या आंतरराष्ट्रीय पातळीच्या बरीच खाली येतात. राखेच्या ढिगाजवळून गेल्याने कोणाला कॅन्सर होईल, असं म्हणायला आधार नाही.

माझी काळजी पाण्याची आहे. युरेनियम पोटात गेलं की किरणांच्या आधी त्याचा रासायनिक विषारीपणा त्रास देतो, आणि तो मूत्रपिंडाला. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिली आणि भारतीय मानक ब्युरोनेही ती स्वीकारली. आता नकाशा बघा. पारसजवळची मन नदी उत्तरेला पूर्णेला मिळते, आणि पूर्णेचं खोरं म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाणपट्टा. 'खाऱ्या पाण्यानं किडन्या गेल्या' हे तिथल्या घराघरांत ऐकू येतं. पाण्यात बायकार्बोनेट आणि नायट्रेट जास्त असेल तर मातीतलं युरेनियम सुटून पाण्यात यायला मदत होते, हेही शास्त्राला माहीत आहे.

यावरून दोष राखेचाच, असा निष्कर्ष मी काढत नाही. मीठ, जमिनीतलंच युरेनियम, मधुमेह, वेदनाशामक गोळ्या, उन्हाळ्यात शेतात राबताना कमी प्यायलेलं पाणी, यांतलं काहीही असेल किंवा सगळं मिळून असेल. पण आधीची पातळी कोणी मोजून ठेवली नसेल, तर वीस वर्षांनी भांडायला फक्त आरोप उरतात, आणि 'पुरावा कुठे आहे?' असं विचारून अधिकारी मोकळे होतात.

अणुऊर्जा खात्यावर माझा आंधळा विश्वास नाही. किरणोत्सार मोजणारे आणि अणुकेंद्रं चालवणारे एकाच छत्राखाली आहेत, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर कॅगने २०१२ मध्येच बोट ठेवलं होतं. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी. अणुकेंद्र सुरू होण्याच्या आधीच त्या परिसरात पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा उभी राहते. पाणी, दूध, भाजी, मासे यांची मूळची पातळी आधी नोंदली जाते आणि पुढे वर्षानुवर्षं तिच्याशी पडताळा घेतला जातो. तारापूरला जहाल कचरा काचेत गोठवून, पोलादी डब्यांत बंद करून हवेने थंड ठेवतात, कारण त्यातलं सीझियम निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. राखेतल्या युरेनियमला निम्मं व्हायला सुमारे साडेचारशे कोटी वर्षं लागतात. पण राखेच्या वाट्याला येतात फक्त तलाव आणि बांध. कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखबांध जुलै २०२२ च्या पावसात फुटला, तेव्हा त्या बांधाचा भरवसा नागपूरकरांनी पाहिला.

पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसार भूजलाची तपासणी होते, असं उत्तर येईल. होत असेल, पण तिचे आकडे विहीरनिहाय, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागत नाहीत? लोक घाबरतील म्हणून? वऱ्हाडी शेतकऱ्याने टीएयू-१ हा उडीद वर्षानुवर्षं पेरला. तो भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्साराच्या वापरातून, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने तयार केलेला वाण आहे. नीट सांगितलेलं लोकांना समजतं.

पारस चालवणाऱ्या महाजेनकोने एप्रिल २०२५ मध्ये थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी रशियाच्या रोसाटॉमशी सामंजस्य करार केला आहे. उद्या खराखुरा अणुकचरा सांभाळू पाहणाऱ्या कंपनीने आजच्या राखेचा हिशेब उघडा ठेवावा, ही मागणी जास्त आहे का?

राखतलावाच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या ठरावीक विहिरी निवडाव्यात. उन्हाळ्यात पाणी तळाला गेल्यावर एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, युरेनियम, आर्सेनिक, सेलेनियम आणि बोरॉन मोजावं. नमुने काढायचं काम महाजेनकोकडे न देता अमरावती विद्यापीठाकडे द्यावं आणि खर्च महाजेनकोने उचलावा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डायलिसिससाठी येणाऱ्या रुग्णाच्या नोंदीत गाव आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत हे दोन रकाने वाढवावेत. त्याला नवं यंत्रही लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या एका पत्राने या उन्हाळ्यापासूनच सुरुवात होऊ शकते.

– एक वाचक, बाळापूर (जि. अकोला)