प्रिंटर आपला, मग त्याची फाइल कोणाची?

नागपूरच्या इतवारीतल्या ठोक बाजारात गल्ल्याशेजारी एक कॉम्प्युटर आणि बिलं काढणारा प्रिंटर आता ठरलेलाच. 14 ऑक्टोबर 2025ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10ची साथ सोडली, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसलेली जुनी यंत्रं विंडोज 11च्या अटींत बसत नाहीत. चालतं यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकणं केव्हाही शहाणपणाचं. पण टाकल्यावर कधी वायफाय दिसत नाही, कधी प्रिंटर मुका राहतो, आणि खापर लिनक्सवर फुटतं. माझ्या मते ते चुकीच्या डोक्यावर फुटतं. काम अडतं एका फाइलपाशी, आणि ती फाइल वाटण्याच्या परवानगीपाशी.

यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक उपकरणाचा ओळखक्रमांक वाचतो आणि तो क्रमांक ओळखणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती उपकरण सोपवतो. पण आजच्या वायफाय कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, बहुतेक कार्डांत कायमचा साठवलेला नसतो. वीज गेली की कार्डाची मेमरी कोरी. म्हणून ड्रायव्हर नाव सांगून कर्नलकडे फाइल मागतो, कर्नल ती डिस्कवरच्या फर्मवेअरच्या फोल्डरात शोधतो, ड्रायव्हर ती कार्डात उतरवतो, आणि कार्ड जागं झाल्याची खूण आली की मगच रेडिओ सुरू होतो. फाइल नसेल तर कर्नलच्या नोंदींत ‘एरर -2’ अशी ओळ उमटते. तिचा अर्थ एवढाच, की या नावाची फाइल सापडली नाही. कार्ड धडधाकट असतं, ड्रायव्हरही बरोबर असतो. आणि फाइल आणायला नेट हवं, तर नेटसाठी तीच फाइल हवी.

एचपीचा लेझरजेट 1020 घ्या, आपल्याकडच्या दुकानांत नि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं राबलेला. याच्या पोटात फर्मवेअर टिकतच नाही. बटण दाबलं की दर वेळी कॉम्प्युटरने ते यूएसबीच्या वायरीतून पाठवायचं, मगच प्रिंटर छापायला तयार होतो. दुपारी लाइन गेली आणि आली, की पुन्हा पाठवायचं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप उरकतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर मुक्त आहे, पण एचपीच्या एचपीलिप या संचात फर्मवेअरसाठी कंपनीचा करार मान्य करून वेगळं प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं. म्हणजे पैसे मोजून घेतलेली वस्तू चालू राहणं हे कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरच्या मर्जीवर. उलट इंटेलच्या वायफायच्या फाइली लिनक्सच्या सामाईक फर्मवेअर-संग्रहात आहेत. कोणीही त्या पेनड्राइव्हवर घालून द्याव्यात.

मुक्त सॉफ्टवेअरच्या कडव्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप असा, की आतला मजकूर वाचता न येणारी फाइल वाटणं म्हणजे तत्त्वाला तिलांजली. डेबियन या लिनक्स वितरणाने याच विचाराने 2011च्या सहाव्या आवृत्तीत अशा फाइली कर्नलमधून काढल्या. पुढे 2022मध्ये सदस्यांनी मतदान केलं आणि जून 2023च्या बाराव्या आवृत्तीपासून त्या इन्स्टॉलरमध्ये आल्या, वेगळ्या विभागात, नावानिशी. मला हा निर्णय पटतो. तेच फर्मवेअर कारखान्यात चिपमध्ये कोरून टाकलं असतं तर ते मुक्त झालं नसतं, फक्त नजरेआड गेलं असतं. फाइल म्हणून असलं तर निदान बदलता येतं. 2017मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाने ब्रॉडकॉमच्या वायफाय फर्मवेअरमधल्या गंभीर त्रुटी दाखवल्या, तेव्हा फोनना नवं फर्मवेअर देऊनच त्या बुजवता आल्या.

कंपन्या व्यापारी गुपिताकडे आणि रेडिओच्या नियमांकडे बोट दाखवतात. पण इथे मागणी मूळ कोडची नाही, तयार फाइल पुढे देण्याच्या मुभेची आहे. शिवाय क्वालकॉम अथेरॉसने 2013मध्ये एका यूएसबी वायफाय चिपचं फर्मवेअर मूळ कोडसकट खुलं केलंच होतं. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर धोरण 2015पासून आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे. तरी जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी कॉम्प्युटर घ्यायचे, तर निविदेत एक अट हवी: यंत्रातल्या प्रत्येक भागाचं फर्मवेअर मुक्तपणे वाटता यावं, आणि नेट नसताना डेबियनच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून वायफायचं नाव पडद्यावर उमटलेलं दाखवावं, मगच बिल मंजूर व्हावं. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि ती इतवारीतला दुकानदारही पैसे देण्याआधी काउंटरवरच करून घेऊ शकतो.