डहाणूवाल्यांनी भैरवी ऐकायचीच नाही का?
जानेवारीत मुंबईची धावती वारी करायला मजा येते. दुपारी अंधेरीत ‘थर्ड आय’ महोत्सवातला आशियाई सिनेमा, संध्याकाळी पुढच्याच स्टेशनला, पार्ल्यात ‘हृदयेश’चं गाणं. पण मोठा कलाकार बसतो शेवटी, आणि आम्हा पालघर-डहाणूवाल्यांचा एक कान तानपुऱ्याकडे, डोळा घड्याळाकडे! डहाणूपर्यंत लोकल 2013 ला आली खरी, पण विरारपुढे रात्री गाड्या विरळच.

सूट मिळालेले दिवस सोडले तर मैदानातले स्पीकर रात्री 10 ला बंद होतात. म्हणजे गर्दी कधी सुटणार हे रेल्वेला आधीच ठाऊक. मग त्या दोन-तीन रात्री डहाणूला एक जादा लोकल सोडायला काय हरकत आहे? विसर्जनाला, 31 डिसेंबरला सोडतातच की! लोकप्रतिनिधींनी एक पत्र तरी द्यावं.