शस्त्रक्रियेआधीचे महिने

हृदयात मोठे छिद्र घेऊन जन्मलेले बाळ दूध ओढता ओढताच दमते. कपाळावर घाम येतो, दोन घोट घेऊन ते झोपी जाते. घरच्यांना वाटते, पोट भरले. टाळू दुभंगलेल्या बाळाला तर दूध नीट ओढताच येत नाही; ते नाकातून परत येते. अशा बाळांचे वजन वाढत नाही आणि वजन नाही म्हणून शस्त्रक्रिया अनेकदा लांबते. व्यंग दुरुस्त व्हायला वेळ लागेल, पण ही उपासमार आजच थांबवता येते. आईचे दूध काढून, टाळू दुभंगलेल्या बाळाला उभे धरून, वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजायला शिकवणारे माणूस पहिल्याच आठवड्यात घरी हवे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. जन्मजात व्यंगांची तपासणी, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, मोफत उपचार, सारे त्यात आहे. पण केंद्र जिल्ह्याच्या गावी आणि बाळ पाड्यावर. तिथवर जाते ती आशाताई. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर 42 दिवसांत सहा वेळा. या बाळांना पाजण्याचे वेगळे प्रशिक्षण तिला मिळाले पाहिजे, आणि त्याचा वेगळा मोबदलाही.

आईवडिलांना एवढीच विनंती: शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहत बसू नका. बाळाचे वजन दर आठवड्याला करून घ्या. त्याच्याशी बोला, खेळा. मान उशिरा धरत असेल, आवाजाकडे वळत नसेल, तर लगेच दाखवा.